मदत हवी आहे : वहिनीच्या रक्तात शिसं निघालं, बाळाला अंगावर पाजायचं की नाही?

आम्ही नागपूरचे, कामठी रोडकडे राहतो. दादा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळायच्या कारखान्यात आहे (नाव लिहीत नाही, त्याची नोकरी आहे). वहिनीला बाळंत होऊन दोन महिने झाले. थकवा जाईना, तेव्हा डॉक्टरांनी दादाचं काम विचारून रक्त तपासायला लावलं. शिसं १४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर! वहिनी तर कारखान्याच्या फाटकापर्यंतही गेलेली नाही.

मग लक्षात आलं. दादा रात्री त्याच कपड्यांत घरी येतो, पँटला ॲसिडची भोकं, आणि आल्या आल्या बाळाला उचलतो. ते कपडे वहिनी अंगणात झटकते, मग धुते.

आई म्हणते, आजच अंगावरचं तोडा, डब्याचं दूध सुरू करा. वहिनीचं रडणं थांबत नाही. बालरोगतज्ज्ञ सोमवारी भेटतील. तोवर काय करावं? घरी बोअरचं पाणी आहे, उकळून चालेल का?

अंबाझरीकर : घाईनं तोडू नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शनात आईचं शिसं ४० च्या खाली असेल तर पाजणं थांबवत नाहीत, पण ५ च्या वर असेल तर बाळाचंही रक्त तपासत राहतात. ती तपासणी सोमवारी मागून घ्या. रक्त शिरेतूनच घ्यायला सांगा. टोचून थेंब घेतला तर कातडीवरच्या धुळीनं आकडा फुगतो.

ठेचाभाकर : अन् डब्याचं दूध कालवाल कशात बाप्पा, बोअरच्याच पाण्यात ना? पाण्यात शिसं असलं तर उकळून जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. प्रयोगशाळेत शिसं वेगळं सांगून तपासा, टीडीएसवरून (विरघळलेल्या क्षारांच्या एकूण आकड्यावरून) कळत नाही. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. वहिनी कॅल्शियम घेतात का?

धागाकर्ता : गोळ्या बंद केल्या. उष्ण पडतात म्हणे.

ठेचाभाकर : तिथंच गोम आहे. शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुरतं. पाजताना शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं, सोबत शिसंही रक्तात उतरतं. डॉक्टरांना विचारून गोळ्या परत सुरू करा, लोहाच्या गोळीसोबत मात्र नको. दादानं कारखान्यातच आंघोळ करून निघावं. कपडे झटकायचे नाहीत, वेगळे भिजवायचे.

धागाकर्ता : कारखान्यात आंघोळीची सोय नाही. आज मागच्या दारी बादली आणि धुतलेले कपडे ठेवले. दादा आला, बाळ त्याच्याकडे बघून हसलं, तो तसाच मागं गेला. सोमवारी कळवतो.