क्रेप मर्टलची छाटणी: शेंडे उडवायचे की नाही?

अंगणातली

फेब्रुवारी लागला की आमच्या टेक्सासमधल्या प्लेनोत गल्लोगल्ली करवती सुरू होतात. क्रेप मर्टल, म्हणजे उन्हाळ्यात घोसांनी फुलणारं झाड, इकडे जवळजवळ प्रत्येक दारात आहे. १९९७ पासून ते टेक्सासचं राज्य-झुडूप, आणि शेजारच्या मॅकिनीत तर त्याच्या जातींचं एक अख्खं उद्यान आहे. तरीही दरवर्षी पंधरा-वीस फुटांची डौलदार झाडं खांद्याइतक्या उंचीवर सरसकट कापली जातात आणि नुसते खुंट उरतात. इथले बागवाले याला ‘क्रेप मर्डर’ म्हणतात. शब्द कडक आहे, पण मला तो पटतो.

माझं झाड ‘नॅचेझ’ जातीचं, पांढऱ्या फुलांचं. दोन वर्षांपूर्वी लॉन कापायला येणाऱ्या मंडळींनी मी ऑफिसात असताना, न विचारता त्याचे शेंडे उडवले. मनगटाएवढ्या जाड फांद्या होत्या. मे महिन्यात प्रत्येक खुंटातून आठ-दहा लवलवीत काठ्या उठल्या, पाच-सहा फूट लांब. जूनमध्ये फुलांचे घोस आले, मोठे आले हे खरं. पण एका पावसात सगळ्या काठ्या ओल्या घोसांच्या भाराने वाकून जमिनीला टेकल्या आणि एक तर गाठीपासून साल सोलत खाली आली. मी तिथं बोट फिरवून पाहिलं. नवी फांदी खुंटाला कडेनं चिकटलेली होती, लाकडात रुतलेली नव्हतीच.

म्हणून माझं मत ठाम आहे. छाटणी करायची ती हिवाळा संपता संपता, पानं फुटायच्या आधी. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या जिथून फुटल्या तिथूनच काढायच्या, बुंध्याशी येणारे फुटवे काढायचे, आणि अंगठ्यापेक्षा जाड फांदीला शक्यतो हात लावायचा नाही. वाळलेली बोंडं तशीच राहिली तरी पुढच्या बहराचं काही अडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर कात्री बाहेरच काढू नये. तेव्हा कापलं की कोवळी फूट येते आणि पहिल्याच कडक थंडीत करपते.

निफाडकर

मी सरळ विरोधात आहे. आमच्या घरची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी बघतच मोठा झालो. खरड छाटणीत एक-दोन डोळे (नवी फूट निघते त्या जागा) ठेवून सगळी काडी उडवतात. परक्याला वाटेल, बाग संपली. तीच बाग पुढे मालानं लगडते. शेवग्याचंही तेच, कापला नाही तर शेंगा हाताला लागणार नाहीत.

क्रेप मर्टल नव्या फुटीवरच फुलतं, हे तुम्हीही नाकारणार नाही. मग नवी फूट जोमानं यावी म्हणून कापलं तर बिघडलं कुठं? माझी तीन झाडं मी आठ वर्षं दर फेब्रुवारीत छातीएवढी कापतोय. एकही मेलेलं नाही. आणि नाही कापलं तर फांद्या छपराच्या पन्हळीत शिरतात. घर सांभाळायचं की झाडाचा डौल?

अंगणातली

निफाडकर, द्राक्षाला तुम्ही मांडव देता, तारा ओढता, काडी बांधता. वेलीनं स्वतःचा भार स्वतः पेलावा ही अपेक्षाच नसते. हे झाड स्वतःच्या पायावर उभं आहे. नवी फूट तर न कापलेल्या झाडालाही दर वसंतात येतेच, फक्त ती शेकडो बारीक टोकांवर विभागून येते. घोस लहान, पण संख्येनं जास्त, आणि ते पेलायला खाली जुनं लाकूड. शेंडे उडवलेलं झाड बहुतेक वेळा फुलतंही उशिरा, कारण आधी त्याला हरवलेली उंची भरून काढायची असते.

पन्हळीचं म्हणाल तर चूक कात्रीची नाही, जात निवडण्याची आहे. नॅचेझ वीस-तीस फूट जाणारच. खिडकीखाली ‘पोकोमोक’सारखी बुटकी जात लावली असती तर करवत लागलीच नसती.

आणि खोड! नॅचेझची साल उन्हाळ्यात पापुद्र्यांनी सुटते आणि आत दालचिनीच्या रंगाचं गुळगुळीत खोड निघतं, आपल्या पेरूसारखं. हिवाळ्यात पान नसताना सगळं सौंदर्य तेच असतं. दरवर्षी कापलेल्या झाडावर तिथं मुठीसारख्या गाठी वाढतात.

थंडी बघितलेला

वेळेबद्दल माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. फेब्रुवारी २०२१ आठवा. डॅलसमध्ये पारा शून्याखाली एकोणीस सेल्सियसपर्यंत गेला होता. माझी झाडं मार्चअखेरही काळवंडलेली दिसली, मी घाबरून दोन जमिनीलगत कापून टाकली. शेजारच्या काकांनी काहीच केलं नाही. रोज सकाळी येऊन नखानं साल खरवडून बघायचे, आत हिरवं आहे का. त्यांच्या झाडाला मेमध्ये अर्ध्या उंचीवरून डोळे फुटले. माझी दोन मुळापासून परत आली, पण आता चार वर्षांनीही ती झुडपंच आहेत.

तेव्हापासून मी मार्चच्या मध्यापर्यंत थांबतो. कडक थंडी पडून गेली असेल तर डोळे फुगेपर्यंत. फेब्रुवारीची घाई कशासाठी?

कोकणची माती

मी रत्नागिरीहून लिहितेय. तुमच्या झाडाचं सख्खं भावंड म्हणजे आपलं ताम्हण, महाराष्ट्राचं राज्यपुष्प. आमच्या परसातल्या ताम्हणाला माझ्या आठवणीत कुणी कात्री लावलेली नाही. मोडकी फांदी तेवढी काढतो. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जांभळं होऊन उभं राहतं. फुलांसाठी कापावंच लागतं, हे मला म्हणूनच पटत नाही. तिकडे छपराची अडचण असेल तर ती वेगळी गोष्ट.

रिचर्डसनची बाग

अजून एका कारणानं लोक कापतात, ते इथं कुणी लिहिलं नाही. खोडावर पांढरी कापसासारखी खपली आणि खाली सगळं काजळीनं काळं. ही क्रेप मर्टलची खवलेकीड. अमेरिकेत ती पहिल्यांदा आमच्या रिचर्डसनमध्येच सापडली, २००४ साली. खपली दाबली की गुलाबी पाणी निघतं, हीच तिची खूण. आमच्या घरमालक संघानं ‘काळी झाडं कापा’ असं पत्र पाठवलं होतं, आणि निम्म्या गल्लीनं कापली. कीड गेली नाही. ती खाली उरलेल्या खोडाच्या भेगांत बसलेली असते.

मी हिवाळ्यात मऊ ब्रशनं आणि भांड्यांच्या साबणाच्या पाण्यानं, हात पोचेल तिथवर खोड घासलं. दोन रविवार गेले. पूर्ण नाहीशी झाली नाही, पण काजळी पुष्कळ कमी झाली. त्याच पत्रात फुटपाथवर येणाऱ्या फांद्यांची तक्रार होती. ती रास्त होती. त्या खालच्या फांद्या बुंध्यापासून काढल्या, शेंड्याला हात लावला नाही. माणसंही वाकल्याशिवाय जातात आणि आता बुंधाही दिसतो.

निफाडकर

खवलेकिडीचं माहीत नव्हतं. माझ्या एका झाडाला तसं पांढरं आहे, मी भुरी (बुरशीचा रोग) समजत होतो. उद्या दाबून बघतो.

कापण्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही, कारण दाराशी जागा चार फुटांची आहे आणि लावलेलं झाड उपटायला मन होत नाही. पण फांदी गाठीपासून सुटल्याचं वाचून थांबलो. गेल्या जुलैत माझ्याकडेही तसंच झालं होतं, मी वाऱ्यावर ढकललं. एकदा गाठी झालेलं झाड पूर्वपदावर येतं का?

अंगणातली

येतं, पण तीन-चार हिवाळे द्यावे लागतात. माझं चालू आहे ते सांगते. प्रत्येक गाठीवरच्या आठ-दहा काठ्यांपैकी बाहेरच्या दिशेनं जाणाऱ्या, सगळ्यात जाड अशा दोनच ठेवायच्या, बाकीच्या गाठीलगत काढायच्या. ठेवलेल्यांचे शेंडे कापायचे नाहीत. उन्हाळ्यात गाठीतून पुन्हा कोंब येतात, ते कोवळे असतानाच अंगठ्यानं मोडायचे. माझ्या झाडावर दुसऱ्या वर्षी त्या दोन काठ्या अंगठ्याएवढ्या झाल्या आणि गेल्या जूनच्या पावसात वाकल्या, पण टेकल्या नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे जमिनीलगत कापून नव्यानं तीन-चार खोडं धरायची. मुळं जुनी असल्यानं वाढ भराभर होते. मला तेवढा धीर झाला नाही.

निफाडकर

गेटजवळचं एक झाड दोन काठ्यांवर धरून बघतो. दाराशी असलेली दोन मात्र यंदाही छातीएवढीच कापणार, फक्त फेब्रुवारीत नाही, मार्चच्या मध्यावर.