उन्हातल्या मिरवणुकीला ड्राय-फिट घाला म्हणणाऱ्यांसाठी

बाळीवेसकर
काल इथं एकानं पुरुषांना सल्ला दिला: दिवसभराची मिरवणूक, उघड्यावरची सभा किंवा मे महिन्यातलं लग्न असेल तर सुती कपडे विसरा, घामानं चिकटतात. घाम लगेच वाळवणारा पॉलिस्टरचा ड्राय-फिट टीशर्ट, ट्रॅकपँट, स्पोर्ट शूज घाला. खाली शंभर अंगठे. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपलं सोलापूरचं ऊन कोरडं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला टेकतो, पण मुंबईसारखी चिकचिक नसते. अशा हवेत सुती कापड घाम पिऊन घेतं, तो हळूहळू उडतो आणि अंगाला गारवा देतो. घट्ट टीशर्टात वारा शिरायला जागाच नसते. शिवाय अर्धी बाही, म्हणजे कोपरापासून खाली भाजून निघायचं.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलणाऱ्यांची बाराबंदी जवळून बघा. पूर्ण बाही, ढगळ, छातीवर कापडाचा दुहेरी पदर, बटणाऐवजी बंद. घामानं अंग भिजलं की बंद सैल करता येतो, संध्याकाळी गार वाटलं की आवळता येतो. 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला सात काठ्या सकाळी निघतात आणि दिवसभर गावात फिरतात. त्यांच्या अंगावर काय टिकतं ते पिढ्यान्‌पिढ्या तपासून झालंय.

माझं म्हणणं एवढंच. पांढरा किंवा फिक्या रंगाचा ढगळ सुती झब्बा, नाडीचा लेंगा, डोक्यावर टोपी आणि गळ्यात पंचा. सोलापूरच्या उन्हात याला तोड नाही.

होटगीरोड
ती पोस्ट माझी होती. नाव घ्यायचं होतं की ओ, लपवताय कशाला?

तुम्ही फक्त एप्रिलचं बोलताय. भाद्रपदात या. आभाळ भरलेलं, मधेच सर येते, हवा कोंदलेली. विसर्जनाला लेझीम खेळणाऱ्या पोरांना विचारा सुती झब्ब्याचं काय होतं ते. भिजला की जड होतो, पाठीला चिकटतो आणि रात्रीपर्यंत वाळत नाही. आत सुती बनियन असेल तर छाती घासून रक्त येतं. मी रोज सकाळी पळतो, ही जखम मला माहीत आहे. लेंग्याचं तर बोलूच नका, ओल्या लेंग्यानं मांड्या अशा सोलतात की दुसऱ्या दिवशी माणूस फेंगडा चालतो.

ड्राय-फिट घट्टच घ्या असं मी कुठं म्हटलंय? एक माप मोठं घ्या. पूर्ण बाहीचंही मिळतं. आणि पांढऱ्या पातळ सुतीचा एवढा अभिमान नको, घामानं ओलं झालं की त्यातून ऊन आरपार जातं. घट्ट विणीचं कापड उन्हाला जास्त अडवतं.

साखरपेठ
उन्हाचं राहू द्या, ठिणगीचं बोला. माझा भाचा मिरवणुकीत पुढं होता, अंगात मंडळानं दिलेला चकचकीत झब्बा. फटाक्याची ठिणगी खांद्यावर पडली. सुती असतं तर भोक पडलं असतं. हे कापड वितळलं आणि कातडीला चिकटलं. घाबरून त्यानं झब्बा ओढला तर खालची साल निघाली. रुपयाएवढा डाग अजून आहे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. पॉलिस्टर ते पॉलिस्टरच, त्यावर ड्राय-फिट लिहिलं तरी.

होटगीरोड
ठिणगीचं मान्य. फटाक्यांजवळ उभं राहणाऱ्यांनी सुती घाला. पण मिरवणुकीतले सगळेच फटाक्यांजवळ नसतात.

विजापूरवेस
साखरपेठ, खरा मुद्दा तुम्ही काढलात. कोण काय घालतो हा प्रश्नच राहिलेला नाही, मंडळ देईल ते घालायचं! वर्गणीतून तीनशे झब्बे येतात, सगळे एका रंगाचे, सगळे पॉलिस्टर. हात लावला की चरचर आवाज येतो. काखेत दोन तासांत वास. चादरीचं, टॉवेलचं गाव आपलं, जुनी मिल 1877 सालची, बापजाद्यांनी सूत काढलं. आणि आपण पोरांना प्लास्टिक नेसवतो. लाज वाटायला पाहिजे ठेकेदारांना.

पूर्वभागवाला
मी त्या ठेकेदारांतला एक. लाज वाटण्यासारखं मी काही करत नाही.

मंडळाचा माणूस येतो कधी? मिरवणुकीच्या आधी आठ-दहा दिवस. रंग कुठला? झेंड्यासारखा भडक, तोही सगळ्या तीनशे नगांना एकसारखा. भाव? मागच्या वर्षीचाच. आता सुतीचं सांगतो. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणजे झब्ब्याची लांबी एक-दोन इंच जाते. आटवून, वाळवून, इस्त्री करून मग कापायचं तर दिवस लागतात. गडद रंग पक्का नसेल तर घामानं उतरतो आणि पांढरे लेंगे रंगतात. एकदा तसं झालं तेव्हा शिव्या मलाच पडल्या. पॉलिस्टर आटत नाही, रंग सोडत नाही, तागेच्या तागे एका छटेचे मिळतात. तुम्ही जे मागता तेच आम्ही शिवतो. शाळेचे गणवेश अख्ख्या देशात जातात या गावातून, शिवता येत नाही असं समजू नका.

विजापूरवेस
म्हणजे चूक पोरांची? छान. आमच्या मंडळानं सुतीचे पैसे मोजले होते. गळ्यात पट्टी होती ‘शुद्ध सुती’ची, नि एक दोरा जाळून बघितला तर काळी गोळी झाली. राख नाही, गोळी! त्याचं उत्तर द्या.

पूर्वभागवाला
ज्यानं शिवलं त्याला विचारा. माझ्याकडून घेतलं नव्हतं. एकानं फसवलं म्हणून पूर्व भागातल्या अख्ख्या शिलाईवाल्यांना चोर ठरवणार असाल तर बोलणं खुंटलं. माझ्याकडं बारा बाया मशीनवर बसतात, त्यांचं पोट यावर आहे.

बाळीवेसकर
दोघांनी जरा सबुरीनं घ्या. जाळून बघायची युक्ती मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. शिवणीतला एक दोरा काढायचा, कापडातला एक काढायचा, दोन्ही वेगळे जाळायचे. पुष्कळदा कापड सुती असतं नि शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा. नुसता शिवणीचा जाळला तर भलताच निकाल लागतो.

विजापूरवेस
आम्ही कापडातलाच जाळला होता. मला शिकवू नका.

जुळेसोलापूरची काकू
मी दवाखान्यात नर्स होते, आता निवृत्त आहे. मघापासून वाचतेय, सगळे कापडावर तुटून पडलेत. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर दुपारी उघड्या मैदानावर लाखो माणसं बसली होती. उष्माघातानं 14 जणांचा जीव गेला. कुणाच्या अंगात सुती होतं, कुणाच्या नव्हतं. सावली नव्हती, हे मात्र सगळ्यांना सारखं होतं.

माझ्या यजमानांना रक्तदाबासाठी लघवी होणारी गोळी चालू आहे. भावकीतल्या लग्नाच्या वरातीत सफारी सूट घालून, डोक्यावर घट्ट फेटा बांधून दुपारी नाचले. पाणी प्यायले नाहीत, कारण जायचं कुठं? रस्त्यावर एक मुतारी नाही. पारावर बसले नि तिथंच आडवे झाले. आम्ही फेटा सोडला, शर्ट काढला, पंचा ओला करून मानेला, काखेला, जांघेला लावला, वारा घातला, तेव्हा दहा मिनिटांनी बोलले. घाम यायचा थांबला किंवा माणूस बरळायला लागला तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. पुरुषांना मुतारी नाही म्हणून ते पाणी कमी पितात, बायकांची तर गोष्टच वेगळी. यावर कुणी विषय काढत नाही.

होटगीरोड
काकू, पाण्याचं शंभर टक्के पटलं. फेट्याचंही. तयार फेटा आत पुठ्ठा नि फोम घालून येतो, तो डोक्याला भट्टीच.

पण रंगावरून एक राहिलं. बाळीवेसकर पांढऱ्याचा एवढा आग्रह धरतात. संक्रांतीला महाराष्ट्रभर काळं घालतात, त्याच सुमाराला यात्रेत आपल्या अक्षता सोहळ्याला, सिद्धेश्वरांच्या लग्नाला, पांढरी बाराबंदी. दोन्हीकडं माणसं दिवसभर बाहेर असतातच. 1980 साली ‘नेचर’मध्ये वाळवंटातल्या बेदुईन टोळ्यांच्या झग्यांवर संशोधन आलं होतं. काळा झगा वरून जास्त तापतो, पण ढगळ असेल तर अंगाला पोचणारी उष्णता पांढऱ्याइतकीच. म्हणजे रंगापेक्षा ढगळपणा मोठा.

बाळीवेसकर
मग ढगळपणाचं मी पहिल्याच पोस्टमध्ये काय लिहिलं होतं? काळं घालायचं तर जानेवारीत घाला, सकाळी गारठा असतो. एप्रिलात पार्क चौकात काळा शर्ट घालून दुपारी एकला उभं राहून दाखवा.

भाद्रपदाचं मात्र सोडतो. पावसाळी हवेत लेझीम खेळणाऱ्यानं तुमचं कापड घालावं. फटाके लांब ठेवून.

होटगीरोड
एवढं निघालं तरी पुष्कळ झालं. आणि लेंग्याखाली गुडघ्यापर्यंतची चड्डी घाला सगळ्यांनी, मांड्या वाचतात. वर खोबरेल तेल.

साखरपेठ
चपलेचं कुणीच बोललं नाही. नवी कोल्हापुरी त्या दिवशी घालू नका, अंगठ्याची वादी कापते.

पूर्वभागवाला
विजापूरवेस, राग बाजूला ठेवून सांगतो. सुती पाहिजे असेल तर महिनाभर आधी या. निम्मे पैसे आगाऊ. रंग फिका घ्या, पांढरा किंवा मोतिया, मंडळाचा रंग उपरण्यात आणा, म्हणजे उतरायची भीती नाही. काखेत चौकोनी तुकडा जोडून देतो, हात वर केला तरी शिवण उसवत नाही. आतून चेनचा खिसा देतो, गर्दीत मोबाईल जाणार नाही. कापायच्या आधी कापडाचा तुकडा तुमच्या हातात, दोरा तुम्हीच जाळा.

विजापूरवेस
उपरण्याचं मंडळात मांडतो. पोरांना भडक रंगच हवा असतो, ऐकतील याची खात्री नाही. पण दोरा जाळायला मी स्वतः येणार, आणि काळी गोळी झाली तर इथंच फोटो टाकणार.

पूर्वभागवाला
टाका. येताना मोठ्या मापाचे किती ते लिहून आणा, दरवेळी एक्सएल कमी पडतात.