मदत हवी आहे: आयरिश पुस्तकं सुचवा

मंडळी, पुण्याहून डब्लिनला येऊन दोन वर्षं झाली. दहा वर्षांच्या लेकीने मरीटा कॉनलन-मकेना यांचं 'अंडर द हॉथॉर्न ट्री' वाचलं. १८४५ साली सुरू झालेल्या बटाट्याच्या दुष्काळात तीन भावंडं नातेवाइकांना शोधत पायी निघतात, ती गोष्ट. आठवडाभर ताटात काही टाकलं नाही बाईंनी! आता आणखी हवंय. लिरची मुलं हंस होऊन ९०० वर्षं भटकतात, तसल्या दंतकथा चालतील, पण शेवट जरा बरा असलेल्या. शाळेत आयरिश भाषाही आहे, तर त्यातली सोपी चित्रपुस्तकं कोणती?

मला आयरिश लेखिका क्लेअर कीगन फार आवडली. आता एखादी डब्लिनमधली खुनाची कादंबरी सांगा. आणि आई उन्हाळ्यात येतेय, ती फक्त मराठीच वाचते. आयरिश लेखकांचे चांगले अनुवाद कुणी वाचलेत का?