दिल्ली ते लेह विमानानं नक्की किती अंतर? आई-आण्णांना न्यायचंय

कोरेगावची लेक: नमस्कार मंडळी, धाकटा भाऊ फौजेत आहे, सध्या लेहला. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही म्हणून आई म्हणते आपणच जाऊन भेटू. नेटवर कुठं ६२० किमी दाखवतंय कुठं हजार, नक्की काय धरायचं? आण्णा ६६ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे, ते म्हणतात हजार किलोमीटर असेल तर मला नको. पुण्यातून दिल्लीला जाऊन पुढं जायचंय.

भूगोलवाले सर, सातारा: ताई, ६२० बरोबर आहे, हजार हे मनालीमार्गे रस्त्याचं अंतर. नकाशा बघा, दिल्ली आणि लेह दोन्ही साधारण ७७ रेखांशावर, म्हणजे लेह सरळ उत्तरेला. अक्षांशात फरक साडेपाच अंशापेक्षा थोडा जास्त, एका अंशाला १११ किमी, गुणाकार केला की ६२० च्या जवळ येतं. विमान सव्वा ते दीड तासात उतरतं, आण्णांना सांगा कोरेगावातून पुण्याला जायला याहून जास्त वेळ लागतो.

रिटायर्ड सुभेदार: किलोमीटरचं सोडा ताई, उंचीचं बघा. लेहचं विमानतळ ३२५६ मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि विमानानं तुम्ही दीड तासात तिथं पोचता, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. आम्ही धडधाकट जवान, तरी आम्हालाही उतरल्यावर आधी आरामच करायला लावायचे. पहिले दोन दिवस रूमवरच राहायचं, जिने भराभर चढायचे नाहीत, पाणी भरपूर प्यायचं. खारदुंग-ला खिंड वगैरे तर लगेच नकोच, ती ५३५९ मीटरवर आहे. आणि बीपी आहे तर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. डोकं फार दुखायला लागलं, उलट्या झाल्या, धाप लागली तर सहन करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

सांगलीकर: सुभेदार काकांशी शंभर टक्के सहमत. मी मागच्या वर्षी आईला घेऊन गेलो होतो, तिनं चिवड्याची सीलबंद पिशवी घेतलेली, लेहला बॅग उघडली तर पिशवी फुग्यासारखी टम्म फुगलेली! आतली हवा आपल्या सांगलीची आणि बाहेरची विरळ, आईला तेवढ्यावरच सगळं समजलं, दोन दिवस कुठं चल म्हणाली नाही. अजून एक, दुपारी वारा वाढतो म्हणून लेहची विमानं शक्यतो सकाळीच असतात, त्यामुळं आदल्या दिवशीच दिल्ली गाठून मुक्काम करा. हवा बिघडली की विमान रद्द होतं, आमचं येताना झालं आणि दिल्ली-पुणे तिकीट वाया गेलं, मध्ये एक दिवस मोकळा ठेवाच.

कोरेगावची लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. आण्णांना सगळं वाचून दाखवलं, दीड तास ऐकून तयार झालेत. सोमवारी डॉक्टरांकडं नेते, ते हो म्हणाले तरच तिकीट. भावाला फोन करून सांगितलं की आल्या आल्या फिरायला न्यायचं नाही, तर तो म्हणे तुम्ही नुसते समोर बसा, मला तेवढंच पाहिजे.