'सेत्तुम आयिरम पोन': मजुरी घेऊन गायलेली ओप्पारी खोटी का?

मधली_रांग
आनंद रविचंद्रन यांचा हा तमिळ चित्रपट 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. नात मीरा मेकअप करणारी, आजी गावात मयतावर ओप्पारी, म्हणजे शोकगीत, गाणारी, दोघींत जुना दुरावा. माझा आक्षेप असा, की पैसे घेऊन ऊर बडवणाऱ्या बाईच्या रडण्यावर नात्याची गोष्ट उभी राहत नाही. मन नसताना उरकलेल्या कामाला तमिळमध्येच 'मजुरीवर छाती बडवणं' म्हणतात. भाषेनंच निकाल दिलाय!

हेल_काढून
घाई झाली. ओप्पारी ही रचना आहे. बायका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गोल बसतात. एकजण ओळ टाकते, शेवटी शब्द संपून हुंदका उरतो, तिथे बाकीच्या सूर धरतात. तेवढ्यात तिला श्वास मिळतो आणि पुढची ओळ जुळवता येते. बोलणं थेट मृताशी, नात्यानं हाक मारून. कौतुक असतं तसा वाटणीचा, सासरचा, तुटलेल्या माहेराचा राग पण त्यातच. बोलावलेल्या बाईला कोण गेलं, मागे कोण उरलं हे ठाऊक लागतं, नातं चुकलं की ओळ पडलीच. घरच्यांचा कंठ दाटतो तेव्हा ती वाट करून देते. हे फुकट का करावं तिनं?

मधली_रांग
मग सिनेमावाले ओप्पारीचं गाणं का करतात?

हेल_काढून
तो दोष मान्य. स्टुडिओत ठोक्यावर गाऊन घेतली की ताल हुंदक्याची जागा खातो. वर व्हायोलिन, म्हणजे संपलंच.

तापलेलं_कातडं
दोघंही मांडवाबाहेर बघत नाही. बाहेर परै वाजते, डफासारखं कातड्याचं वाद्य. कातडं सैल पडलं की आवाज बसतो, म्हणून जाळावर धरून ते ताणून घेतात. एका हातात लांब बारीक काडी, दुसऱ्यात आखूड जाड. मयताला ती वाजवणं दलितांवर पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं, म्हणून अनेकांनी ते नाकारलं आणि तीच परै आंदोलनात नेली. महारकी सोडण्याचा इतिहास माहीत असलेल्यांना जास्त सांगायला नको. 'परंपरा' म्हणून हळवं होण्याआधी मजुरी कोणाला आणि सक्ती कोणावर, ते बघा.

सव्वा_लाख
सिनेमाचं नाव हत्तीच्या तमिळ म्हणीवरून आहे: जिवंत असो की मेलेला, मोल हजार मोहरा. आपला मेलेला हत्ती सव्वा लाखाचा! आणि सबटायटलवर कोणीच बोललं नाही. दक्षिण तमिळनाडूत बापाची आई 'अप्पत्ता', आईची आई 'अम्माच्चि'. इंग्रजीत दोघींची एकच 'ग्रँडमा', मराठीत केलं तरी 'आजी'च. ओप्पारीची अख्खी ओळ त्या हाकेवर तोललेली असते.