प्रीतिभोजनात दोन घोळके पडतात, काय बदलावं?

खाडीकाठ:
सलाम. सिंधुदुर्गातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीसाठी (चर्चसाठी) विचारतेय. साधारण ३५ घरं. काही पिढ्यान्‌पिढ्या गावातली, काही नोकरीनिमित्त घाटावरून आलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) आणि नंतर प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, असतं. प्रत्येकाचा डबा आपल्याच घोळक्यात उघडतो. ऐक्यावर उपदेश खूप झाले. नेमकं करायचं काय?

चुलीपाशी:
ताई, आधी डबे बंद करा. करिंथच्या मंडळीचं दुखणं हेच होतं. बायबलमधलं १ करिंथ ११, म्हणजे प्रेषित पौलाचं त्या मंडळीला पत्र, वाचा: जो तो आपलंच जेवण उरकतो, कोणी उपाशी राहतो. पौलाने उपाय सांगितला, की एकमेकांसाठी थांबा.

एकच चूल ठेवा. ६० माणसांना ६ ते ७ किलो तांदूळ, ३ किलो काळे वाटाणे, वाटपाला (वाटलेल्या मसाल्याला) ७-८ नारळ. वाटाणे शनिवारी संध्याकाळीच भिजत घाला. १०-१२ तास भिजले नाहीत तर उपासना सुटेपर्यंत शिजत नाहीत, आणि मग चूक कोणाची यावरून नवं भांडण. मासे टाळा. जून-जुलैत मासेमारी बंद, एरवी भावावरून कुरकुर. शिधा ऐपतीप्रमाणे घ्या, पण कोणी किती दिलं ते वाचून दाखवू नका.

नारळ खवायला चार खवण्या शेजारी शेजारी मांडा, दोन्हीकडची माणसं आलटून पालटून बसवा, पुरुषसुद्धा. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, ओळख तिथेच होते.

आंबोलीखालचा:
वाढप कोणाकडे आहे? प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ पाहा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. त्यावर सात जण निवडले, आणि सातांचीही नावं ग्रीक! ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती पळी. घाटावरून आलेल्यांना वाढप द्या, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतही घ्या. दान मोजायला दोन्हीकडचा एकेक जण, दोघांची सही, आणि दर महिन्याला हिशेब सगळ्यांसमोर. मंडळ्या बहुधा हिशेबावरूनच फुटतात.

सांजदिवा:
घरोघरच्या प्रार्थनेलाही नियम हवा: चहा-बिस्किट, बाकी काही नाही. एका घरी शिरा-भजी झाली की पुढच्या घराला तेवढं करावं लागतं, आणि ज्यांना परवडत नाही ते बोलावणंच बंद करतात. वेळ ४५ मिनिटं. भातलावणीच्या दिवसांत रात्री आठनंतर. गट भावकीप्रमाणे पाडू नका, वाडीप्रमाणे पाडा.

खाडीकाठ:
मनापासून आभार. दोन घरांत बांधावरून वाद आहे, दोघंही प्रभुभोजनाला बसत नाहीत. त्याचं काय?

आंबोलीखालचा:
मत्तय १८ मधल्या पायऱ्या क्रमाने चढा. आधी दोघांनीच बोलायचं. नाही जमलं तर एक-दोन साक्षीदार, ते दोन्ही घरांना मान्य असलेले. मंडळीपुढे अगदी शेवटी. हल्ली वाद थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, म्हणजे शेवटची पायरी पहिली; मग माघार घ्यायला जागाच उरत नाही. बांधाचं माप भूमी अभिलेखच्या मोजणीवर सोडा, पाळकांना त्यात पाडू नका. पाळकांनी प्रभुभोजनाची सूचना आदल्या रविवारी द्यावी आणि त्याच आठवड्यात दोन्ही घरी जाऊन यावं, एकाच दिवशी. नाहीतर पहिले कुठे गेले, याचाच हिशेब मांडला जातो.