गर्दीच्या वेळी पट्टीत दुसऱ्याच्याच ओळी: मार्शलर स्टॅटिक ठेवल्याचा परिणाम?

शाहूपुरी_जावा
कोल्हापूरच्या गूळ सौद्यांच्या पट्ट्या (शेतकऱ्याच्या विक्रीचे हिशेब) एक्सएमएलमध्ये देणारी सेवा आहे. जावा ११, टॉमकॅट (वेब सर्व्हर), जेएक्सबीची (जावा ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारी लायब्ररी) जार वेगळी जोडलेली. सौदे झाले की सगळे अडते एकदम पट्ट्या मागतात, आणि तेव्हाच एका शेतकऱ्याच्या पट्टीत दुसऱ्याच्या रव्यांची ओळ येते, कधी तारीखच भलती. एकेक मागणी तपासली तर सगळं बरोबर. मार्शलर (ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये लिहिणारा) स्टॅटिक आहे, म्हणजे सगळ्या मागण्यांना मिळून एकच. सिंक्रोनाइझ्ड (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावून भागेल का?

रंकाळाकाठ
भागेल, पण टॉमकॅटचे मागण्या हाताळणारे २०० थ्रेड (मूळ मर्यादा तेवढीच असते) एका कुलपापाशी रांगेत उभे राहतील. स्टॅटिक ठेवायचा तो जेएक्सबीकॉन्टेक्स्ट. तो थ्रेड-सेफ आहे आणि बनवायला महाग, कारण सगळे क्लास वाचून बांधणी करतो. मार्शलर मात्र कुठवर लिहून झालं ते स्वतःच्या पोटात ठेवतो, म्हणून दोन थ्रेडचं लिखाण मिसळतं. प्रत्येक मागणीला क्रिएटमार्शलर करा, ते स्वस्त आहे. थ्रेडलोकलच्या (प्रत्येक थ्रेडला स्वतःचा मार्शलर) वाटेला जाऊ नका: थ्रेड पुन्हा वापरले जातात, आधीच्या मागणीत सेटप्रॉपर्टीने लावलेली सेटिंग तशीच राहते.

उजळाईवाडी
तारखेचं दुखणं बहुतेक वेगळं आहे. तारखेचा मजकूर करणाऱ्या अडॅप्टरमध्ये स्टॅटिक सिंपलडेटफॉरमॅट (तारीख छापणारा क्लास) आहे का बघा. त्याच्या आत एकच कॅलेंडर असतं. एका थ्रेडने त्यात १४ तारीख ठेवली आणि छापायच्या आत दुसऱ्याने १२ ठेवली, की पहिल्या पट्टीवर १२ येते. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये अक्षर नाही. मार्शलर वेगळे केलेत तरी हे राहणारच. डेटटाइमफॉरमॅटर वापरा, तो बदलत नाही, बिनधास्त स्टॅटिक ठेवा.

शाहूपुरी_जावा
आहे, स्टॅटिकच आहे! दोन्ही बदलतो. दरांची यादी मेमरीत असते, नवा दर आला की त्याच अ‍ॅरेलिस्टमध्ये भर पडते. तिथेही धोका?

रंकाळाकाठ
मोठा. लिहिता लिहिता यादी वाढली की कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येतो, आणि तोवर ‘सगळं ठीक’ सांगणारा एचटीटीपीचा २०० स्टेटस व अर्धं एक्सएमएल पुढे गेलेलं असू शकतं. सिंक्रोनाइझ्डलिस्टने सुटत नाही, फिरताना कुलूप आपणच लावावं लागतं. दर भरणाऱ्या एकाच थ्रेडने नवी यादी बनवून लिस्ट.कॉपीऑफ करावी आणि व्होलाटाइल (बदल सगळ्या थ्रेडना दिसतो अशा) फील्डमध्ये टाकावी. वाचणारा तो फील्ड एकदाच वाचून हातातली यादी लिहितो. शिवाय आधी मेमरीत, बाइटअ‍ॅरेआउटपुटस्ट्रीममध्ये पूर्ण लिहा, मगच उत्तर पाठवा.

उजळाईवाडी
तपासताना ५० थ्रेड काउंटडाउनलॅचने एकदम सोडा, प्रत्येकाला वेगळा पट्टी क्रमांक आणि वेगळी तारीख द्या, आणि बाहेर आलेलं एक्सएमएल परत वाचून दोन्ही जुळवा. नुसतं एक्सेप्शन आलं का एवढंच बघितलंत तर तारखेची चूक सापडणार नाही.